ज्या गावाला दरवाजा नव्हता

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, प्रश्न विचारायची सवय होती. बुरहानपूरजवळच्या आमच्या दापोरा गावात ती कोणाला खटकत नसे. टपालवाला आला की ते त्याला विचारत, बाबा, सगळ्यात लांबून आलेलं टपाल कोणतं. गुरांचा डॉक्टर आला की म्हैस राहायची बाजूला. आधी त्याला, तू हे कुठं शिकला, तिथं शिकायला म्हशी कोण देतं, अन् शिकता शिकता म्हैस मेली तर? लोक हसत, पण ते हसणं घरचं होतं. मी चौथीत असताना त्यांनी गुरुजींना विचारलं, "याच्या पुढं काय असते?" गुरुजी म्हणाले, पाचवी. "अन् तिच्या पुढं?" असं करत करत त्यांनी गुरुजींना कॉलेजपर्यंत नेलं. त्या दिवशी आबांच्या डोक्यात कॉलेज शिरलं ते निघालं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या हुशारीने नाही, त्यांच्या विचारण्याने.

म्हणून बुरहानपूरच्या वाचनालयाच्या सभागृहात त्या गणेशोत्सवात जे झालं ते मला विसरता येत नाही. विसरायचंही नाही. मला लिहिण्याची फार सवय नाही, कुठे जास्त तर कुठे कमी होईल, पण जे सांगतो ते जसं मनात आहे तसं सांगतो.

ती वर्षं जोडाजोडीची होती. संस्थानं विलीन झाली होती. फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडून ती भारताच्या हवाली केली होती. आमचं बुरहानपूर मुंबई राज्यात जाणार की इकडेच राहणार यावर पानाच्या ठेल्यांवर भांडणं झाली, आणि शेवटी ते होतं तिथेच, मध्य प्रदेशात राहिलं. देशात नवीन आलेली गावं कशी असतात हे ऐकायला लोक उत्सुक होते. अशात आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर उन्हाळ्याच्या सुट्टीत मद्रासकडे जाऊन आले, आणि गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत त्यांचा विषय लागला, 'फ्रेंचांच्या गावात एक दिवस'.

सर राजपुऱ्यात राहायचे, बुरहानपूरच्या जुन्या दरवाजाच्या अगदी आत. कपडे इस्त्रीचे, आवाज भरदार. मला त्यांचा आदर होता. तो होता हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर तो राहिला नाही.

आबा त्या दिवशी गणपतीच्या प्रसादासाठी केळीचे घड घेऊन बैलगाडीने दापोऱ्याहून आले होते. मी त्यांच्यासाठी पुढे जागा धरली होती. ते म्हणाले, "इथंच बरी हवा आहे," आणि मागे चपलांजवळ बसले.

व्याख्यान चांगलं झालं. सर म्हणाले, मी तिथे एकटाच भटकलो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सरळ रेघेसारखे रस्ते, पिवळ्या भिंती, लाल टोपीचे पोलीस, काखेत लांब पाव घेऊन जाणारी माणसं. सगळ्यात रंगवून त्यांनी सांगितला तो गावाचा दरवाजा. स्टेशनकडून बाजाराच्या बाजूने आलं की समोर काळ्या दगडाची कमान, हत्ती अंबारीसकट जाईल एवढी. फळ्यांना लोखंडी खिळे. आत शिरताच डाव्या हाताला पहारेकऱ्याची खोली. "त्या कमानीखाली मी उभा राहिलो," सर म्हणाले, "आणि मला वाटलं, माझ्या मागे हिंदुस्थान आहे आणि पुढे फ्रान्स." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग अध्यक्ष म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. कोणी उठेना. आणि मागून आबा उठले. टोपी हातात घेऊन.

"मास्तर, तठी केयी होतेत का?"

आमच्याकडे शेतकरी माणसं केळीला केयी म्हणतात, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्नही सरळ होता. जिथे जातो तिथलं पीक आपल्याला माहीत असावं असं ज्याला वाटतं, तो हेच विचारणार.

सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि श्रोत्यांकडे पाहिलं. "बघा. माणसाला फ्रान्सच्या दारात नेऊन उभं केलं, तर तो विचारतो काय? केयी होतेत का." शेवटचे शब्द त्यांनी आबांच्या आवाजात म्हटले.

सगळं सभागृह हसलं. माझ्या बाकावरची मुलं हसली. एकजण म्हणाला, "अरे, किसके बाबूजी है ये?" मी समोर पाहात राहिलो.

"बसा पाटील, बसा," सर म्हणाले. "केळीच्या बागेबाहेरही जग असतं."

आबाही हसले, आणि बसले. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "मस्त बोलतो रे तुमचा मास्तर." गाडी जुंपली आणि गेले.

पण त्यानंतर त्यांचं विचारणं बंद झालं. एकदम नाही, हळूहळू ते माझ्या लक्षात आलं. बुरहानपूरच्या लालबाग स्टेशनात केळीचे डबे भरताना ते गार्डला नेहमी विचारायचे, हा डबा कुठवर जातो, तिथे पोहोचेपर्यंत माल पिकतो का, खाणारी माणसं कशी असतात. आता नुसते उभे राहायचे. दवाखान्यात आईला नेलं तर डॉक्टरांसमोर मला कोपराने ढोसून म्हणाले, "तू विचार, तुले येते." कॉलेजात मला भेटायला आले की फाटकाबाहेर निंबाखाली थांबत. आत या म्हटलं तर, "काय करू आत येऊन? पाय भरलेत मातीनं." पाय धुतलेले असायचे.

मी भित्रा आहे. वर्गात हात वर करायलाही मला दोनदा विचार करावा लागतो. पण त्या पावसाळ्यात मी मनाशी एक गोष्ट ठरवली: ज्या सभागृहात आबांना बसवलं, त्याच सभागृहात या माणसाला बसवायचं. कसं ते माहीत नव्हतं. त्याचं ते व्याख्यान मात्र माझं पाठ झालं होतं. प्रेमाने पाठ होतं तसंच रागानेही होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजातून दक्षिणेत श्रमदानाच्या शिबिराला मुलं निवडली, त्यात माझा नंबर लागला. मद्रासच्या पुढे विळुपुरमजवळच्या एका खेड्यात रस्त्याला माती टाकायची होती. शेवटी एक दिवस सुट्टी मिळाली. बाकीची मुलं देवळं बघायला गेली. मला म्हणाली, "चल ना यार." मी म्हणालो, पोट बरं नाही. आणि सकाळच्या पहिल्या गाडीने एकटा जवळच्याच पाँडिचेरीला गेलो.

ते गाव बघायची मला हौस होती असं म्हणणं खोटं होईल. मी तपासायला गेलो होतो, पंच पाहणीला जातात तसा.

आणि पहिला तास मला फार वाईट गेला, कारण सगळं खरं निघत होतं. रस्ते खरंच सरळ होते, दोरी लावून आखल्यासारखे. चौकात पोलीस उभा, डोक्यावर लाल उंच टोपी. कोपऱ्याकोपऱ्यावर निळ्या पाट्या, त्यांवरची फ्रेंच अक्षरं वाचता यायची पण तोंडात बसत नव्हती. एक बाई काखेत लांब पाव घेऊन गेली. पाव खरा निघाला म्हणून मला त्या बाईचाही राग आला. पिवळ्या भिंती, त्यांवरून लोंबणारी बोगनवेल, उंच खिडक्यांना हिरव्या झडपा. एक म्हातारा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, खाली लुंगी आणि वर जुना लष्करी कोट, त्यावर पदकं. त्याने मला हात केला. मी हात केला नाही. मी सरांचं पुढचं वाक्य आठवत होतो.

मग समुद्र आला. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तापीला पूर आला की आम्ही काठावर जाऊन उभे राहतो आणि पलीकडचा काठ दिसतो का ते बघतो. इथेही मी आधी पलीकडचा काठ शोधला. जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब पाण्यात उभे होते, त्यांवर पक्षी. वारा तोंडावर आपटत होता. आईला हे दाखवायला हवं असं वाटलं, आणि लगेच दुसरं आलं: सर म्हणाले होते समुद्र हिरवा, आणि तो हिरवाच होता. मेला खरं बोलला होता.

राहिला दरवाजा. येताना तो मला लागला नव्हता. मी समजलो, रस्ता चुकलो असेन. आमच्या बुरहानपुरात परका माणूस वाट विचारतो तेव्हा आम्ही दरवाजाच सांगतो: शनवारा दरवाजातून आत ये, राजपुरा दरवाजातून बाहेर पड. जुनं गाव म्हणजे दरवाजांच्या आतलं. दरवाजातून गेलो नाही म्हणजे गावात शिरलोच नाही, असं मला खरोखर वाटत होतं, तिथे भर गावात उभा असताना.

मी परत स्टेशनकडे चालत गेलो आणि बाजाराच्या बाजूने आलो. दरवाजा नाही. एका कारकुनासारख्या माणसाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, गावाचं गेट कुठे. त्याने मला मोठ्या साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाशी आणून सोडलं. दुसऱ्याने चर्चच्या दाराकडे बोट दाखवलं. लाल टोपीच्या पोलिसाने माझं ऐकून घेतलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात पसरून मला जायला सांगितलं, कुठेही. ऊन चढलं. मी गावाची पश्चिम बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून काढली. शंका माझ्यावरच येत होती. एवढा मोठा दरवाजा मला सापडत नाही, म्हणजे मीच कसा खेडवळ.

शेवटी तहान लागून बाजारात शिरलो. आणि तिथे केळी होती.

ओळीने होती. छताच्या दोरांना घड टांगलेले, काही माझ्या उंचीचे. बोटाएवढी लहान, पातळ सालीची. लाल सालीची, जी मी कधी पाहिली नव्हती. हिरवीच पिकणारी. जाड, तीन धारांची, भाजीची. एका बाईसमोर केळफुलांचा ढीग, दुसरीसमोर सोललेला पांढरा गाभा कापून ठेवलेला. पानांच्या गुंडाळ्या वेगळ्याच. मी प्रत्येक घडाजवळ थांबलो, दांडा कसा कापलाय ते पाहिलं, वास घेतला. एका बाईने काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मी स्वतःकडे बोट दाखवून घडाकडे दाखवलं, म्हणजे मीही हेच करतो. ती हसली आणि एक लाल केळ माझ्या हातात दिलं.

ते खाताना माझं डोकं तापलं. माणूस म्हणतो, मी बाजाराच्या बाजूने आलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भटकलो. आणि त्याला केळी दिसली नाहीत? आंधळासुद्धा त्या बाजारातून वासावर गेला असता. आबांच्या प्रश्नाला 'हो, पुष्कळ' एवढं उत्तर होतं. ते त्याच्याकडे नव्हतं म्हणून त्याने उत्तराऐवजी हशा पिकवला.

बाजाराच्या कडेला कुलपं, बिजागऱ्या, कंदील यांचं एक दुकान होतं. आत सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले बोहरी शेठ बसले होते. ती टोपी बुरहानपुरात लहानपणापासून पाहिलेली. मला घरचं माणूस दिसल्यासारखं झालं. मी हिंदीत विचारलं, पाणी मिळेल का.

"कहाँ से आए हो बेटा?"

"बुरहानपुर."

"वो लालबाग टेशनवाला बुरहानपुर?" शेठ उठून उभे राहिले. "बैठो, बैठो. अम्मा को दरगाह की ज़ियारत के लिए ले गया था मैं. ताँगेवाले ने शनवारा दरवाज़े पे उतार दिया, बोला आगे रास्ता तंग है. वहाँ की मावे की जलेबी अम्मा आख़िर तक याद करती थी." त्यांनी कॉफी मागवली. "तो यहाँ क्या देखा?"

"दरवाज़ा ढूँढ रहा हूँ."

"किसका?"

"शहर का. पुराना दरवाज़ा. पत्थर का."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग हसायला लागले. दुखवणारं हसणं नव्हतं ते, पोट धरून हसत होते. "अरे भाई, ये तो बुरहानपुरवाला ही पूछेगा. तुम लोग समझते हो, हर शहर को दरवाज़ा होता है. यहाँ दीवार ही नहीं है, दरवाज़ा लगाओगे किस में?"

"पहले होगा?"

"होगा. अंग्रेज़ों ने किला गिराया, दीवार गिराई, उसको ज़माना हो गया. मेरे दादा ने नहीं देखा, उनके दादा ने नहीं देखा. ये देखो, बाज़ार के आगे नहर है, नहर के उस पार गोरों के घर. बस. जिधर से मर्ज़ी आओ."

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली.

काळ्या दगडाची कमान. खिळ्यांच्या फळ्या. आत शिरताच डाव्या हाताला पहारेकऱ्याची खोली. मी कितीदा त्या खोलीसमोरून गेलो होतो. हल्ली तिथे एक सायकलवाला पंक्चर काढतो. सरांनी राजपुऱ्याचा दरवाजा उचलून पाँडिचेरीला नेऊन लावला होता. पाव, टोप्या, रस्ते वर्तमानपत्रांतून मिळाले असतील, मद्रासला कोणी सांगितले असतील. बाकीचं त्यांनी घरी बसून केलं, आणि घरी बसलेल्या बुरहानपूरकराला जुन्या गावाला दरवाजा नसूही शकतो हे सुचलंच नाही. मलाही सुचलं नव्हतं. ते तिथे गेलेच नव्हते.

"क्या हुआ बेटा?" शेठनी विचारलं.

"कुछ नहीं चाचा. बहुत अच्छा हुआ."

त्या दुपारइतका आनंद मला परीक्षेत पास झाल्यावरही झाला नाही. मी कालवा ओलांडला, पुन्हा सगळे रस्ते फिरलो, आणि आता ते गाव मला फार आवडलं. प्रत्येक भिंत माझ्या बाजूची साक्षीदार होती. त्या पदकवाल्या म्हाताऱ्याला मी शोधून हात केला. एक गंमतशीर गाडी होती, माणूस मागून ढकलतो आणि बसणाराच पुढचा दांडा धरून वळवतो. ती मी नीट पाहून घेतली, कारण सरांनी ती सांगितली नव्हती. संध्याकाळी समुद्राच्या भिंतीवर बसून मी एकच वाक्य पाठ करत होतो. सर, तो दरवाजा कोणत्या दिशेला आहे? लाटा येत होत्या. मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, आवाज कापतो का बघायला. कापत होता.

घरी आलो. आईने विचारलं, काय खाल्लंस, कुठे झोपलास. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं असतं तर मी बाजारापासून सगळं सांगितलं असतं. त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, ठेवून दिलं.

पुढचा गणेशोत्सव आला तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या मंडळात होतो. मी सरांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सर, मागच्या वर्षीचं ते व्याख्यान पुन्हा द्याल का? नवीन मुलांनी ऐकलं नाही."

सर खुश झाले. "तुला एवढं आवडलं होतं?"

"पाठ आहे मला, सर."

"वा. बस, चहा घे." मी चहा घेतला.

आबांना मी म्हणालो, यावंच लागेल. "तेच आहे ना? ऐकलं मी," ते म्हणाले. पण प्रसादाची केळी आणायचीच होती, ते आले आणि पुन्हा मागे बसले.

सरांनी यंदा दरवाजा आणखी मोठा केला. खिळ्यांवर तोफेच्या गोळ्यांच्या खुणा आल्या. हिंदुस्थान मागे आणि फ्रान्स पुढे झाला, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही शंका? मी उठलो. 

"सर, तो दरवाजा कोणत्या दिशेला आहे?"

"पश्चिमेला. बाजाराकडून."

"बाजाराकडून कालवा आहे, सर. दरवाजा नाही."

"तुझ्या वाचनात कालवा आला असेल," सर हसून म्हणाले. "दरवाजा त्याच्या अलीकडे."

"वाचनात नाही, सर. मी जाऊन आलो. उन्हाळ्यात. कालव्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, गावाच्या कुठल्याच बाजूला दरवाजा नाही. भिंतच नाही. इंग्रजांनी कधीच पाडली."

 सरांनी विचारलं, "किती दिवस होतास तिथे?"

"एक दिवस."

"एका दिवसात काय कळतं माणसाला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, तुमचा बी तं एकच दिवस होता ना."

आणि मग हशा आला. मागच्या वर्षीपेक्षा मोठा. "राजपुऱ्याचाच नेला काय हो सर?" दुसरा ओरडला. "वापस तरी आणून ठेवा." सरांनी ग्लास उचलला, पाणी प्यायले, ग्लास ठेवताना तो टेबलाच्या कडेला लागला. मी तेवढ्यावर थांबलो नाही. "आणि सर, तिथे केळी होतात," मी म्हणालो. "लाल होतात, बोटाएवढी होतात, भाजीची होतात. सगळा बाजार केळीचा आहे." हे कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही, एवढा गोंधळ होता. सर खुर्चीवर बसले. मी पाहिलं. मला ते हवं होतं, आणि ते झालं.

वळून पाहिलं तर आबांची जागा रिकामी होती.

ते बाहेर बैलांजवळ होते. मी धापा टाकत गेलो. त्यांनी जोताची दोरी बांधता बांधता विचारलं, "माझ्यासाठी केलं का?"

"हो."

"मग आधी मले सांगायचं होतं."

"तुम्ही नको म्हटलं असतं."

"तेच तं." ते गाडीवर चढले. "त्याची बायको बसली होती पुढच्या ओळीत. पाहिलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी थांबलो नसतो. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण खरं आहे.

पुढचे काही महिने मला गोड गेले. सर राजपुऱ्याच्या दरवाजातून सायकलवर निघाले की पंक्चरवाल्याकडची पोरं विचारायची, "सर, पाँडिचेरी इधर से जाते क्या?" सरांनी व्याख्यानं देणं सोडलं. वर्गातही ते पुस्तकाबाहेरचं काही सांगेनासे झाले. मला वाटायचं, आता त्यांना कळलं असेल.

एक दिवस व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. रागावलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "मद्रासला मी तापाने पडलो होतो. पुढे जाणं झालं नाही. इकडे विषय छापून गेला होता." मग म्हणाले, "तू मला घरी येऊन सांगू शकला असतास. मी तुझं काय केलं होतं?"

मी शब्द जुळवून बोललो. "सर, आबांना तुम्ही घरी बोलावून हसला असता, तर मीही घरी येऊन सांगितलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण आबा?"

मी सांगितलं. मागच्या ओळीत उठलेले. टोपी हातात घेऊन. केळीचं विचारणारे. सर आठवायचा प्रयत्न करत होते, खोटं करत नव्हते, हे मला दिसत होतं आणि तेच सहन होत नव्हतं. "असेल," ते म्हणाले. "मी म्हटलं असेन तसं काही. लोकांना हसवावं लागतं मध्ये मध्ये." आणि ते तासाला गेले.

मी तिथेच उभा राहिलो. दोन वर्षं मी ज्या माणसाचं एकेक वाक्य पाठ म्हणत होतो, त्याला माझ्या बापाचा चेहरा माहीत नव्हता. त्याला शिक्षा झाली ती दरवाजाची झाली. आबांना हसल्याची झालीच नाही.

यंदा गणेशोत्सवात एका इंजिनियरचं व्याख्यान होतं, नदीवर बांधायच्या धरणांबद्दल. आबांना मी हाताला धरून आत नेलं आणि तिसऱ्या ओळीत माझ्याजवळ बसवलं. ते बसले, अंग चोरून. सर आमच्या पुढच्याच ओळीत होते, श्रोते म्हणून. प्रश्नांची वेळ आली तशी आबांची चुळबुळ सुरू झाली. मग त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"विचार त्याले," ते माझ्या कानात म्हणाले, "पाणी अडवलं, तं खालच्या गावाच्या विहिरीचं काय होईन."

"तुम्हीच विचारा, आबा."

"नाही. तू विचार. तुले येते."

मी पुन्हा म्हटलं. ते खाली बघत राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं, कोणी आहे का. मग मी उठलो.

"माझ्या वडिलांचा प्रश्न आहे," मी गरज होती त्याहून मोठ्याने म्हणालो. "हे माझे वडील. दापोऱ्याला केळी करतात."

सरांनी मान मागे वळवली. मी प्रश्न विचारला, आबांनी सांगितला तसाच, त्यांच्याच शब्दांत. इंजिनियरने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, हे जरा सविस्तर सांगावं लागेल. तो बराच वेळ सांगत होता. मी खाली बसलो नाही. आबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि सर पुन्हा समोर बघायला लागेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलो.